नवशिक्यांसाठी अणुविज्ञान : जव्हार-मोखाडा आवृत्ती

ही पुस्तिका कोणासाठी?

जव्हार किंवा मोखाडा तालुक्यात राहणाऱ्या, अणूच्या पोटात काय आहे हे बघण्याची हौस असलेल्या आणि जागा, पैसा, मंजुरी यांपैकी काहीच हाताशी नसलेल्या होतकरूंसाठी. वयाची अट नाही. पूर्वज्ञान म्हणून अपूर्णांकांचा गुणाकार आणि सरकारी कार्यालयातल्या बाकावर बसून राहण्याची सवय एवढं पुरे.

अभ्यासक्रम १९४५ ते १९७० या पंचवीस वर्षांवर बेतला आहे. त्या काळात मुंबईत काही मंडळींनी हाच विषय शून्यापासून सुरू केला. पुढे त्यांचे पुतळे झाले, संस्थांना त्यांची नावं दिली गेली. पण सुरुवातीला तीही नवशिकीच होती. त्यांनी जे केलं ते इथे पायरीपायरीने सांगितलं आहे आणि प्रत्येक पायरीखाली आपल्या भागापुरता 'स्थानिक बदल' सुचवला आहे.

विषय परका वाटत असेल तर एवढं लक्षात घ्या. तारापूरचं अणुवीज केंद्र आणि मोखाड्यातले पाडे आधी ठाणे जिल्ह्यात एकत्र होते, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात एकत्र आहेत. म्हणजे 'आमच्या जिल्ह्यात अणुभट्टी आहे' असं म्हणण्याचा हक्क इथल्या माणसाला १९६९ पासूनच आहे. म्हणायला वीज लागत नाही.

साहित्य

आत्या : १ (मोठ्या घरी दिलेली)
बंगला : अर्धा
युरेनियम : ओळखीने मिळेल तेवढं
शुद्ध पाणी : सुमारे २ लाख लिटर
वीज : अखंड
पंतप्रधान : १ (प्रयोगशाळेत रस असलेला)
घरचा विरोधक : १ (हुशार)
तारपा : १
काचेची रुंद तोंडाची बरणी : १

यातलं शेवटचं साहित्य सोडून बाकी काही मिळालं नाही तरी पुस्तिका टाकून देऊ नका. आठवी पायरी तुमच्यासाठीच लिहिली आहे.

पायरी १ : आत्या निवडा

अणुविज्ञानात पहिला प्रश्न पैशाचा असतो, अणूचा नंबर नंतर लागतो. होमी भाभांच्या बाबतीत निम्मा प्रश्न जन्माआधीच सुटला होता. त्यांच्या आत्या मेहेरबाई सर दोराबजी टाटांच्या पत्नी. दोराबजींच्या नावाचा ट्रस्ट १९३२ साली उभा राहिला. १२ मार्च १९४४ रोजी भाभांनी या ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत भौतिकशास्त्रासाठी संस्था मागितली आणि १ जून १९४५ रोजी टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च सुरू झाली. पत्र ते संस्था, सव्वा वर्ष. आपल्याकडे एवढ्या काळात अर्जाला जावक क्रमांक पडतो.

उरलेला निम्मा प्रश्न मात्र भाभांनी स्वतः सोडवला होता. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर कसे उधळतात याचं त्यांनी १९३५ मध्ये केलेलं गणित आजही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. तेव्हा आत्या असावी आणि गणितही यावं. नुसत्या आत्येवर फार तर एजन्सी मिळते.

स्थानिक बदल : जव्हारला टाटा नव्हते, मुकणे राजे होते. चौदाव्या शतकापासून चालत आलेलं हे संस्थान १९४८ साली विलीन झालं. त्याच वर्षी दिल्लीत अणुऊर्जा आयोग स्थापन झाला. एकाच वर्षी दोन फायली उघडल्या. कोणती जाड झाली हे सांगायला नको. जयविलास राजवाडा अजून टेकडीवर उभा आहे. तिथे सिनेमांची चित्रीकरणं झाली आहेत, अणूचं काही झालेलं नाही. राजघराण्यात आत्या दिलेली नसेल, तर खाली हात न जोडता थेट पायरी २ वर जावं.

पायरी २ : जागा मागून घ्या

स्वतःची इमारत नसणं ही या क्षेत्रातली सर्वमान्य सुरुवात आहे. टाटा इन्स्टिट्यूट आधी बंगळूरच्या विज्ञान संस्थेच्या आवारात पोटभाडेकरूसारखी होती. १९४५ च्या अखेरीस ती मुंबईत पेडर रोडवरच्या 'केनिलवर्थ' बंगल्याच्या अर्ध्या भागात आली. भाभांचा जन्म याच बंगल्यातला. १९४९ मध्ये अपोलो बंदरावरच्या जुन्या यॉट क्लबात बिऱ्हाड हललं. साहेबांनी जिथे शिडाच्या होड्यांच्या गप्पा मारल्या, तिथे आता अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांची मोजमापं सुरू झाली. जागा पुरेना तेव्हा कुलाब्याच्या लष्करी बराकी मिळाल्या. समुद्रकाठची स्वतःची देखणी इमारत पंडित नेहरूंच्या हस्ते उघडली ती जानेवारी १९६२ मध्ये.

म्हणजे सतरा वर्षं संशोधन दुसऱ्याच्या छपराखाली चाललं आणि ते उत्तम चाललं. यातून नवशिक्याने घ्यायचा नियम : इमारत मंजूर होईपर्यंत काम थांबवू नये. आपल्याकडे क्रम बरोबर उलटा असतो. आधी इमारत होते, मग उद्घाटनाची पाटी लागते, मग कुलूप लागतं आणि माणसं नेमण्याचा विषय पुढच्या आर्थिक वर्षावर जातो.

स्थानिक बदल : आश्रमशाळेचं जुनं कोठार, ग्रामपंचायतीची गळकी खोली, समाजमंदिराचा व्हरांडा. यॉट क्लबाइतकी हवा कुठेच येणार नाही, पण जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे. विश्वकिरण बघताना ही उंची पायरी ८ मध्ये उपयोगी पडेल.

पायरी ३ : कणाला वेग द्या

अणूचं केंद्रक फोडून बघायचं तर त्यावर काहीतरी जोरात आदळलं पाहिजे. जोर मोजायचं माप म्हणजे इलेक्ट्रॉन व्होल्ट : एका इलेक्ट्रॉनने एक व्होल्टचा दाब ओलांडला की त्याला एवढी ऊर्जा मिळते. १९३२ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत कॉक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी काही लाख व्होल्टच्या दाबाने प्रोटॉन पळवून लिथियमचं केंद्रक फोडलं. भाभा तेव्हा तिथेच होते. पुढे पन्नासच्या दशकात टाटा इन्स्टिट्यूटने याच जातीचं दहा लाख व्होल्टचं यंत्र फिलिप्स कंपनीकडून आणून कुलाब्यात बसवलं.

तुम्हाला हेच बॅटरीवर करायचं असेल तर हिशेब सोपा आहे. टॉर्चचा मोठा सेल दीड व्होल्टचा. दहा लाख व्होल्टसाठी ६,६६,६६७ सेल एकापुढे एक लावावे लागतील. रांगेची लांबी सुमारे ४१ किलोमीटर, म्हणजे जव्हारहून मोखाड्याला जाऊन बऱ्यापैकी परत येण्याइतकी. मध्ये एक सेल उलटा लागला तर कोणत्या वळणावर लागला हे शोधायला माणूस ठेवा.

दुसरा मार्ग व्हॅन डी ग्राफ यांचा. एक पट्टा खालून विद्युतभार उचलतो आणि वरच्या पोकळ धातूच्या गोळ्यावर नेऊन टाकतो. गोळ्यावर भार साठत जातो आणि दाब चढत जातो. १९२९ मधलं त्यांचं पहिलं चालतं मॉडेल पत्र्याचा डबा, रेशमी फीत आणि छोटी मोटर यांतून झालं होतं. हे सगळं जव्हारच्या बाजारात मिळतं. अडचण फक्त ऋतूची आहे. दमट हवेत भार गळून जातो आणि आपल्याकडे वर्षाला शंभर इंचांवर पाऊस. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत यंत्र चालणार नाही आणि त्यानंतर शेतीची कामं असतात. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात साठच्या दशकाच्या सुरुवातीला पंचावन्न लाख व्होल्टचं यंत्र बसवलं, तेव्हा ते कोरड्या वायूने दाबून भरलेल्या भल्या मोठ्या टाकीत ठेवलं होतं. ही टाकी डोक्यावरून नेता येत नाही.

तिसरा मार्ग आपल्या भागाला सगळ्यांत जवळचा. तारपकरी मध्ये उभा राहून वाजवत असतो. नाचणारे कमरेत हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात, ठरल्या ठेक्याला पाऊल पडतं आणि साखळी वळसे घेत जाते. अर्नेस्ट लॉरेन्सचा सायक्लोट्रॉन याच रीतीने चालतो. दोन अर्धवर्तुळाकार पोकळ डबे समोरासमोर, वरखाली मोठं चुंबक. चुंबक कणाला वळवून गोल फिरवतं आणि डब्यांमधली फट ओलांडताना प्रत्येक वेळी विजेचा एक धक्का बसतो. वेग वाढतो तसा घेर वाढतो, पण एका फेरीला लागणारा वेळ तेवढाच राहतो. म्हणून एकच ठेका धरून सगळ्यांना नाचवता येतं. १९३१ मध्ये लॉरेन्सच्या तळहाताएवढ्या यंत्राने दोन हजारांहून कमी व्होल्टवर ८०,००० इलेक्ट्रॉन व्होल्टचे कण काढले. एका दमात मोठी उडी घेण्यापेक्षा लहान धक्के पुन्हापुन्हा द्यायचे, एवढीच युक्ती.

पुढे भानगड होते. कण फार जोरात पळू लागला की आइनस्टाइनच्या हिशेबाने तो जड होतो, पाऊल उशिरा पडतं आणि ठेका चुकतो. १९४४-४५ मध्ये रशियात वेक्सलर आणि अमेरिकेत मॅकमिलन यांनी उपाय काढला : नाचणारे मागे पडतील तसा वाजवणाऱ्यानेच ठेका संथ करायचा. हे तारपकऱ्याला आधीपासून माहीत असतं, फक्त त्याने ते प्रसिद्ध केलेलं नाही.

स्थानिक बदल : तारपा दुधी भोपळ्याचा, बांबूचा आणि ताडाच्या पानाचा करतात. सायक्लोट्रॉनचं चुंबक पोलादाचं लागतं आणि टनांत मोजतात. तारप्यावर सराव करा, चुंबकासाठी निविदा काढा.

पायरी ४ : वस्तू निवडून घ्या

नवशिक्यांना वाटतं, अणुभट्टी म्हणजे सगळी हुशारी भौतिकशास्त्रज्ञाची. प्रत्यक्षात खेळ धातू आणि कोळसा निवडणाऱ्यांच्या हातात असतो. युरेनियम फुटल्यावर निघालेले न्यूट्रॉन फार वेगात असतात. त्यांना संथ करण्यासाठी ग्राफाइट वापरता येतं. १९४१ मध्ये जर्मनीत वाल्टर बोथे यांनी ग्राफाइट तपासलं आणि ते न्यूट्रॉन खाऊन टाकतं, निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढला. दोष ग्राफाइटमधल्या अशुद्धीचा होता. जर्मन मंडळी जड पाण्याच्या मागे लागली आणि अडकली. अमेरिकेत लिओ झिलार्ड मात्र बोरॉन नसलेलंच ग्राफाइट हवं म्हणून पुरवठादारांच्या मागे हात धुऊन लागला होता. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत पहिली साखळी प्रक्रिया चालली ती त्याच हट्टाच्या ग्राफाइटवर. बोरॉनचे दहा लाखांत काही मोजके भाग, एवढ्या भेसळीवर एका देशाचा अणुकार्यक्रम आडवा गेला.

झिर्कोनियमचंही तसंच. इंधनाच्या नळ्यांना हा धातू आदर्श, कारण तो न्यूट्रॉनच्या वाटेत येत नाही. पण निसर्गात त्याच्यासोबत हाफ्नियम मिसळलेलं येतं आणि ते न्यूट्रॉन गिळतं. दोघांचे रासायनिक गुण इतके सारखे की वेगळं करताना नाकी नऊ येतात.

वस्तू शुद्ध मिळाली तरी ती तशीच राहील असं नाही. भट्टीतला न्यूट्रॉन अणूला धडक देऊन त्याच्या जागेवरून उठवतो. ग्राफाइटमध्ये असे विस्थापित अणू साठत जातात आणि त्यांच्यासोबत ऊर्जाही साठते. हे भाकीत युजीन विग्नर यांचं. ही साठलेली ऊर्जा सोडवून घेताना ऑक्टोबर १९५७ मध्ये इंग्लंडमधल्या विंडस्केलच्या भट्टीला आग लागली. पुनर्वसन न करता विस्थापित वाढवत गेलं की काय होतं, याचा धडा भौतिकशास्त्राने तेव्हा घेतला.

ट्रॉम्बेच्या धातुशास्त्रज्ञांनी अणुभट्टीच्या दर्जाच्या युरेनियमची पहिली लगड ३० जानेवारी १९५९ रोजी ओतली. पुढच्या वर्षी त्यातूनच इंधनाच्या कांड्या तयार झाल्या.

स्थानिक बदल : युरेनियम शोधायला अंगण खणू नका. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, म्हणजे लाव्हाचा बेसॉल्ट. त्यात युरेनियम ग्रॅनाइटपेक्षाही कितीतरी कमी. शिवाय परवान्याशिवाय असले उद्योग करायला कायद्याने मनाई आहे. खणायचंच असेल तर विहीर खणा.

पायरी ५ : इंधन उसनं आणा

उसनवारीला लाजू नका. देशाची पहिली भट्टी उसन्या इंधनावर पेटली. 'अप्सरा'चा आराखडा, बांधकाम, नियंत्रण यंत्रणा, सगळं इथल्या तरुणांनी सव्वा-दीड वर्षात उभं केलं. अय्यगारी सांबशिव राव यांच्या गटाने इलेक्ट्रॉनिक्स घरीच जुळवलं. समृद्ध युरेनियमच्या पट्ट्या मात्र ब्रिटनने दिल्या. ब्रिटनच्या हार्वेल इथल्या अणुसंशोधन केंद्राचे प्रमुख तेव्हा जॉन कॉक्रॉफ्ट होते. होय, पायरी ३ मधलेच. भाभांची आणि त्यांची केंब्रिजपासूनची ओळख. ओळख ही अणुविज्ञानातलीही मूलभूत शक्ती आहे, पाठ्यपुस्तकं तिला धरून चालत नाहीत एवढंच.

४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा सुरू झाली, आशियातली पहिली (रशिया वगळून). २० जानेवारी १९५७ रोजी पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. तलावाच्या तळाशी दिसणारा निळा प्रकाश पाहून नाव ठेवलं तेही त्यांनीच. पाण्यात प्रकाशाचा वेग कमी होतो. भट्टीतून सुटलेले इलेक्ट्रॉन तिथे प्रकाशालाही मागे टाकतात आणि तो निळा उजेड सांडतात. मग १९६० मध्ये 'सायरस' आली : भट्टी कॅनडाची, जड पाणी अमेरिकेचं. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने उभारल्या, इंधनही तिकडचंच, आणि त्यांची वीज ऑक्टोबर १९६९ पासून महाराष्ट्र आणि गुजरातला मिळू लागली.

स्थानिक बदल : दुकानदाराकडून उधारीवर युरेनियम मागू नये. तो वहीत लिहून घेईल, मग गावभर होईल.

पायरी ६ : पाणी भरा

अप्सरा ही तलावातली भट्टी. तलाव साधारण ८.४ मीटर लांब, २.९ मीटर रुंद, ८ मीटर खोल; म्हणजे पाणी १ लाख ९५ हजार लिटरच्या आसपास. हे पाणी तीन कामं एकटं करतं : न्यूट्रॉनना संथ करतं, इंधन थंड ठेवतं आणि काठावर उभ्या माणसाचं किरणांपासून रक्षण करतं. ते क्षारमुक्त लागतं, नाहीतर भट्टीतलं अल्युमिनियम गंजतं.

मोखाड्यात मे महिन्यात हा तलाव भरायचा तर दहा हजार लिटरचे वीस टँकर सांगा. टँकर आल्यावर त्याचं पाणी पाड्यावरच्या बायकांना न सांगता तलावात सोडण्याची जबाबदारी ज्याने प्रयोग योजला त्याची. पुस्तिका लिहिणारे त्या वेळी तिथे थांबणार नाहीत.

पाणी नाहीच, असा समज करून घेऊ नका. मोखाडा तालुक्यातच, कोचाळ्याजवळ, वैतरणेवर शंभर मीटरहून उंच मध्य वैतरणा धरण आहे. दिवसाला ४५.५ कोटी लिटर पाणी मुंबईला देण्यासाठी ते बांधलं. या हिशेबाने अप्सरेचा तलाव सुमारे ३७ सेकंदांत भरतो. खाली मोडकसागर तर अप्सरेच्याच पिढीतलं. त्या दशकात मुंबईने पाण्याची आणि अणूची तजवीज एकदमच केली. दोन्हींची पाइपलाइन ज्या दिशेने गेली ती दिशा तुम्हाला ठाऊक आहे.

स्थानिक बदल : हंडा उतरवून ठेवा आणि हिशेब पुन्हा करून बघा. उत्तर ३७ सेकंदच येतं.

पायरी ७ : घरात एक विरोधक ठेवा

चांगल्या प्रयोगशाळेत एक तरी माणूस असा हवा जो म्हणेल, हे सगळं चुकलंय. टाटा इन्स्टिट्यूटमध्ये ते काम दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी केलं. गोव्यात जन्मलेले, गणिती, नाण्यांचे आणि इतिहासाचे अभ्यासक. पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला यायचे. साठच्या सुमारास त्यांनी जाहीरपणे मांडलं की भारतासारख्या उन्हाच्या देशाने महागड्या अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जेवर भर द्यावा. ती गावोगाव विखुरलेल्या वस्तीला सोयीची, तिला लांबलचक तारा लागत नाहीत. १९६२ मध्ये त्यांचा करार संपला आणि नवा झाला नाही. आज जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर रात्री जे काही दिवे हमखास लागतात, त्यांतले बरेच सौरदिवे असतात. तरीही भाभा चुकले आणि कोसंबी जिंकले असा निकाल घाईने लावू नका. अणुविज्ञानाने कर्करोगावरचे उपचार दिले, धातूंचं ज्ञान दिलं, पिढ्यान्‌पिढ्या शास्त्रज्ञ दिले. विरोधक ठेवायचा तो निकालासाठी नव्हे. फायलीवर दुसरी सही कोणीतरी विचार करून करावी म्हणून.

स्थानिक बदल : आपल्याकडे विरोधकांचा तुटवडा नाही, हुशार असण्याची अट कटाक्षाने पाळा.

पायरी ८ : वर बघा

आता खरं काम. चाळीस-पन्नासच्या दशकात भारताला मोठी त्वरक यंत्रं परवडत नव्हती. म्हणून भाभा आणि त्यांचे सहकारी फुकटच्या यंत्राकडे वळले. अंतराळातून येणारे विश्वकिरण वातावरणावर आदळतात आणि त्यांतून नवे कण बरसतात. काही विश्वकिरणांची ऊर्जा कुठल्याही यंत्राच्या आवाक्याबाहेरची. १९६२ मध्ये अमेरिकेत जॉन लिन्सली यांना एकाच कणाच्या आघातात एकावर वीस शून्यं इतके इलेक्ट्रॉन व्होल्ट सापडले. टाटा इन्स्टिट्यूटने फुग्यांना फोटोची जाड इमल्शनं बांधून आकाशात सोडली. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, मोजयंत्रं उतरवली. १९६५ मध्ये तिथेच वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनो नावाच्या कणांच्या खुणा मिळाल्या.

यातला तुमचा वाटा रोज घरी येतो. तळहात आकाशाकडे करा. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमधून दर मिनिटाला साधारण एक म्यूऑन, म्हणजे या बरसणाऱ्या कणांतलाच एक, जातो. म्हणजे मोठ्या माणसाच्या तळहातातून मिनिटाला शंभराच्या आसपास. हे कण जमिनीपासून पंधरा-एक किलोमीटरवर जन्मतात आणि त्यांचं सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहालाखाव्या भागाच्या जेमतेम सव्वादोनपट. एवढ्यात प्रकाशही साडेसहाशे मीटरच जातो, मग ते खाली पोहोचतात कसे? वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ आपल्या हिशेबी संथ चालतं, म्हणून. अशा कणाचं आयुष्य वेगामुळे लांबलेलं दिसेल हे १९३८ मध्ये भाभांनीच दाखवून दिलं होतं.

बघायची कृती : काचेच्या बरणीच्या बुडाशी आतून जाड लोकरी कापड चिकटवा आणि ते शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवा. मोहाची चालणार नाही, तिच्यात पाणी फार. शिवाय प्रयोग संपेपर्यंत ती उरत नाही. बरणी उपडी करून काळ्या रंगाच्या पत्र्यावर ठेवा, कडा मातीने किंवा चिकटपट्टीने बंद करा, पत्रा ड्राय आइसवर टेकवा. त्याचं तापमान उणे ७८ अंश, तेव्हा हातमोजे घाला. वरून उतरणारी अल्कोहोलची वाफ तळाशी इतकी थंड होते की तिला थेंब व्हायला निमित्त हवं असतं. जाणारा कण हवेतले अणू विद्युतभारित करून ते निमित्त देतो. खोलीत अंधार करा, बाजूने टॉर्च मारा आणि दहा मिनिटं थांबा. सरळ, बारीक, लांब रेघ म्हणजे बहुधा म्यूऑन. जाड आखूड रेघ म्हणजे हवेतल्या रेडॉनचा अल्फा कण. नागमोडी जाणारा इलेक्ट्रॉन.

स्थानिक बदल : ड्राय आइस शहरातून आणावा लागतो आणि एसटीत वितळत नाही, थेट वायू होऊन उडून जातो. बंद जागेत हा वायू धोक्याचा. एसटीच्या खिडकीची काच वर जात नाही, ही आपल्या मार्गावरची सुरक्षाव्यवस्था समजावी.

अडचणी आणि उपाय

मोजणी शून्य येते : यंत्र बंद आहे. विश्वकिरणांना भारनियमन नाही.

मोजणी फार जास्त येते : ओट्यावर ग्रॅनाइट बसवला असेल. सारवलेल्या जमिनीवर मोजून बघा.

सुटे भाग आले नाहीत : मेघनाद साहांनी कोलकात्यासाठी मागवलेल्या सायक्लोट्रॉनचे पंप महायुद्धात जहाजासकट बुडाले. पाठपुरावा चालू ठेवा.

वीज गेली : इमल्शनला आणि बरणीला वीज लागत नाही. टॉर्चचे सेल पायरी ३ मधून उरले असतील.

घरचे विचारतात, याने नोकरी लागेल का : ट्रॉम्बेचं प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून पदवीधर निवडून, पगार देऊन शिकवतं. अनिल काकोडकर व्हीजेटीआयमधून इंजिनिअर होऊन १९६४ मध्ये ट्रॉम्बेच्या केंद्रात रुजू झाले आणि पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यासाठी आधी बारावीला भौतिकशास्त्र शिकवायला शिक्षक लागतो. तो मिळण्याची कृती या पुस्तिकेच्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून पुढचा नमुना दिला आहे.

परिशिष्ट : अर्जाचा नमुना
(ठळक अक्षरांत, दोन प्रतींत, पोच घेऊन)

प्रति,
जे कोणी त्या खुर्चीवर असतील ते

विषय : मूलभूत संशोधन सुरू करण्याबाबत

महोदय / महोदया,

आम्हाला अणुभट्टी नको. ती जिल्ह्यात आहे. आमची मागणी पुढीलप्रमाणे :

१. शाळेच्या वेळात टिकणारी वीज.
२. मे महिन्यात दररोज ३७ सेकंदांचं पाणी.
३. भौतिकशास्त्राचा एक शिक्षक, बदली न होणारा.
४. स्वतःची इमारत नसताना सतरा वर्षं काम करण्याची, चुकण्याची आणि त्याबद्दल खुलासा न मागितला जाण्याची मुभा. पूर्वी मुंबईतल्या एका संस्थेस ही मुभा दिल्याचं व तिचा उपयोग झाल्याचं दिसून येतं.

कळावे,
आपला विश्वासू,
अर्जदार

सोबत : म्यूऑनच्या मोजणीचा एक तक्ता. आपल्या कार्यालयाच्या छतातूनही साधारण तेवढेच येतात. शिपायाकरवी खात्री करून घ्यावी.